करपलेली अंजिरं

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे, म्हणजे उठतो, हॉटेलात स्वयंपाक करतो, येऊन झोपतो. तुझी भावजय गेली तेव्हापासून मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, मनाचा घट्ट आहे. घट्ट कसला, बधिर झालोय. कशाला चवच लागत नाही.

हॉटेलात एक नवल झालंय. जाळीवर भाजलेली अंजिरं, वर चीज आणि सोबत तिनेच निवडलेली लाल वाइन, ही आमची डिश आठवते ना? गिऱ्हाइकं हल्ली ती परत पाठवतात. वाइन आंबट लागते म्हणे. बाटली तीच, चीज तेच. अंजिरं तर मी पूर्वीपेक्षा जपून भाजतो, एकालाही डाग नाही. शनिवारपर्यंत जमलं नाही तर डिश बंद, असं मालक म्हणाले. मीही बरं म्हणालो. घरी आल्यावर मात्र जिना चढवेना. हॉटेलात तिचं तेवढंच उरलंय गं.

मुलांना पापा. आठवण ठेव.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, तुझी अंजिरं मी जेव्हा जेव्हा खाल्ली, तेव्हा ती करपलेलीच होती! तुझी बायको गिऱ्हाइकांना वाइन वाढायची, येता-जाता तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तुझं जाळीकडे लक्षच नसायचं. एकदा मी तुला सांगायला उठले, तर तिने मला खाली बसवलं. म्हणाली, करपू द्या, त्या कडवटपणावरच मी वाइन निवडली आहे, नुसत्या गोडावर ती आंबट लागेल. त्याला कळलं तर मुद्दाम करपवायला जाईल आणि कोळसा करून ठेवील.

आता बोलायला कोणी नाही, म्हणून तुझी अंजिरं नीट भाजली जातात. हे लिहिताना मलाच भरून आलं.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, पत्रं तेवढी येऊ देत.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्यांदा मुद्दाम करपवली. कोळसा झाला.

मग जाळीकडे पाठ केली आणि रिकाम्या खिडकीकडे तोंड करून तिला दिवसभराचं सगळं सांगत बसलो. भांडी घासणाऱ्या मावशींनी नळ बंद केला. वास आल्यावर वळलो. मालकांनी एक अंजीर खाल्लं, वर वाइनचा घोट घेतला आणि मान डोलावली. डिश राहिली.

उरलेलं मी खाल्लं. गोड लागलं, खारट लागलं, कडू लागलं. वाइनचीही चव लागली. तिथेच उभ्या उभ्या रडलो.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. आता रोज तिच्याशी बोलावं लागणार. कामच आहे ते.