बंद पडलेली भट्टी

ती. आईला, लांबूनच पाया पडतो.

मी ठणठणीत आहे. गोळ्यांचे आवाज येतात, पण दुरून. तुझा गुडघा काय म्हणतोय?

मदतीला म्हणून आमची फौज या परक्या गावात आली आणि मी, फौजेचा आचारी, रोज फुकट पाव वाटत सुटलो. त्यापायी गल्लीतल्या पाववाल्याची भट्टी बंद पडली. हाताला काम उरलं नाही, तसा त्याचा पोरगा बंडखोरांना जाऊन मिळाला.

साहेबांशी भांडून मी वाटप थांबवलं आणि पिठाचं पोतं घेऊन पाववाल्याकडे गेलो. "पीठ नको, पोरगा आणून दे," म्हणत त्याने दार लावून घेतलं.

उद्या पुन्हा जाणार, परवाही जाणार. आई, त्याच्या जागी तू असतीस, तर कितव्या दिवशी दार उघडलं असतंस?

तुझाच हट्टी,
धाकटा