काढून बघायचं म्हणजे काय

४ एप्रिल

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू भराभर बोलतेस, मी हो हो म्हणते आणि नंतर एक अक्षर सांगता येत नाही. म्हणून आता लिहूनच कळव.

काल आमच्या भिंगरीने तापलेल्या इस्त्रीवर तळहात टेकवला आणि खिडकीबाहेर बघत खुशाल उभी राहिली. जळका वास आला म्हणून मी स्वयंपाकघरातून धावले. हात ओढला तर माझ्यावरच चिडली. तिचं एक जनुक बंद आहे, त्यामुळे तिला दुखणं कळत नाही, हे डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं. पण तो तळहात मी अर्धा तास नळाखाली धरून ठेवला गं.

जूनमध्ये ती पहिलीत जायची. पाठवू की नको? तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं काय होतंय ते कळलं की ठरवीन म्हणते. आई मात्र तुझ्यावर रागावली आहे. पोरीत जे नाही ते घालायचं सोडून, उंदरांत होतं तेही काढून टाकलंस, ही कसली विद्या, असं तिचं म्हणणं. तुझे भाऊजी तुझ्या बाजूने आहेत. लिफ्ट बंद पडली की तेही एकेक तार काढून बघतात, पण नंतर परत जोडतात, एवढं तुला कळवायला सांगितलंय. मला दोघांचंही पटतं, म्हणजे काहीच कळलेलं नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
ताई

१३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईचा राग पोचला. तिला म्हणावं, एखादं जनुक काय काय कामं करतं हे ते नसल्यावरच कळतं. जसं तू माहेरी आलीस की तुझ्या घरी कोणाला काहीच सापडत नाही, तेव्हा कळतं तू काय करतेस ते. आम्ही उंदरांत भिंगरीचंच जनुक बंद केलं. याला नॉकआउट म्हणतात. एकाच आईची पिल्लं, काहींमध्ये जनुक शाबूत, काहींमध्ये बंद. दोघांत फरक काय पडतो ते बघत बसायचं.

पण ताई, मीच गोंधळले आहे. गेल्या आठवड्यात पिल्लं झाली. ज्यांच्यात जनुक नव्हतं ती सगळी मेली, भावंडं मात्र टुणटुणीत. दुखणं कळत नाही म्हणून कोणी जन्मतःच मरत नाही. तू उगाच घाबरू नकोस, काही कळलं की लिहीन.

भिंगरीला पापा. तुझ्या मायेवर हक्क आहे, तो राहू दे.
तुझी,
धाकटी

१९ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

'मेली' असं लिहून पुढे 'घाबरू नकोस' लिहिणारी तू एकटीच. पत्र वाचल्यापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. तुझे भाऊजी थट्टा करायचे थांबलेत, यावरून काय ते समज.

भिंगरीचं काय होणार ते सरळ सांग. ती सहा वर्षांची झाली, हसते, खेळते, मग आतून काही बिघडत चाललंय का? मी इस्त्री कपाटात घातली, टेबलाचे कोपरे चिंध्यांनी बांधले आणि ती येणार नाही असं शाळेला कळवून टाकलं. खेळायलाही खाली पाठवत नाही. ती दारापाशी बसून जिन्यातल्या मुलांचा आवाज ऐकते. तिच्याकडे बघवत नाही, पण जिवापुढे दुसरं काय सुचणार?

लवकर लिही. रागावले असले तरी तुझीच,
ताई

१२ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

मी गाढव आहे. आधी हे वाच: भिंगरीच्या जिवाला तसला धोका नाही.

मेलेल्या पिल्लांच्या पोटात दुधाचा थेंब नव्हता. पुढची पिल्लं झाली तेव्हा आम्ही आळीपाळीने त्यांना थेंब थेंब दूध पाजलं. ती जगली, ताई! आता पिंजराभर धुडगूस घालतात. मग भुशाखाली बिस्किटाचा तुकडा लपवला. भावंडांनी लगेच हुडकला, ही त्याच्यावरूनच चालत गेली. त्यांना वास येत नाही. आईचं दूध कुठे आहे तेच त्यांना कळलं नव्हतं.

तुझं इस्त्रीचं पत्र पुन्हा वाचलं. घरभर जळका वास आणि ती खिडकीबाहेर बघतेय. तिचे डोळे बांधून एकदा कांदा हुंगायला दे. यावर औषध मात्र माझ्याकडे नाही. तार कुठे कुठे जाते एवढंच कळलं, ती परत जोडता येत नाही. ही चांगली बातमी की वाईट, मलाही कळत नाहीये.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

२० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डोळे बांधून कांदा दिला, साबण दिला, तुझ्या भाऊजींचे मोजेही दिले. सगळ्याला छान म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, लोक नाकाशी काही नेऊन छान म्हणतात, म्हणून तीही म्हणते. सहा वर्षं आम्हाला पत्ता नाही! मग आई हळूच म्हणाली की ही जन्मली तेव्हा अंगावर पीत नव्हती, महिनाभर चमच्याने पाजली होती. सगळे मला बोलत होते, आणि तिला मी नकोशी आहे असं मलाही वाटलं होतं. तू म्हणशील, उंदरावरून माणसाचं ठरवू नकोस. नाही ठरवत. पण मी खूप रडले आणि मोकळी झाले.

तिला जगवलं ते आमच्या चमच्याने. मग पुढे फक्त माझ्याच हातून जगेल असं कशाला धरायचं? शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगितलं, जळकं कळत नाही, दुखलेलं कळत नाही. त्या गांगरल्या, पण हो म्हणाल्या.

परवा गुडघ्याला पट्टी बांधून घरी आली. मैदानात पाचसहा जणी एकमेकींवर पडल्या. बाकीच्या गुडघे धरून रडायला लागल्या, म्हणून हिनेही आपला गुडघा बघितला. रक्त दिसलं, तशी उठून बाईंकडे गेली आणि दाखवलं. मला हे सांगताना तिला केवढा अभिमान! आजवर तिने आपण होऊन एकही जखम दाखवली नव्हती. आणि मी तिला जपायचं म्हणून अशा घरात कोंडून ठेवली होती, जिथे तिच्याबरोबर पडायला कोणीच नव्हतं.

उंदरांना नीट पाज. आईचा राग गेला आहे, माझी माया आहे तिथेच आहे.
तुझी,
ताई