पडल्यापडल्या सलाम

कोपर, डोंबिवली पश्चिम
१९ जानेवारी २०२५

प्रिय राजरत्न,

सप्रेम जय भीम. हैदराबादेत तू, ऋजुता आणि सान्वी मजेत असाल. आम्हीही ठीक. रोज फोन असताना ताईने पत्र का लिहिलं, असं वाटेल तुला. दोन खोल्यांच्या घरात फोनवरचं सगळं बाबांना ऐकू जातं, आणि कामावरून घाईत मेसेज करून सांगण्यासारखं हे नाही, म्हणून.

तू पाठवलेल्या त्या जुन्या, मुक्या, धडपडीच्या फिल्म बाबा दिवसभर बघतात. कळव्याच्या चाळीत चादर बांधून असल्याच फिल्म दाखवायचे, आठवतं? मग आठवडाभर स्वतः खांद्यावर शिडी घेऊन गर्रकन वळायचे आणि आई ओरडायची. आता शिडीऐवजी माझा झाडू आणि डोक्यावर सान्वी इथे विसरून गेलेली उन्हाळी टोपी. मी समोर फोन धरून उभी. शूटिंग, स्वयंपाक, औषधं, नोकरी, सगळी खाती माझ्याकडेच. दमते रे.

परवाचा व्हिडिओ तुला फार आवडला. ‘ताई, एक नंबर! बाबा अजून फिट आहेत. मे महिन्यात निवांत येतो,’ असं लिहिलंस.

त्यात ते झाडू फिरवतात, भिंतीला धडकतात, ते नाटक. पुढे मोरीच्या उंबऱ्याशी आडवे होतात, ते नाटक नव्हतं. मी धावणार, तेवढ्यात त्यांनी पडल्यापडल्या टोपी उचलून सलाम केला. तिथेच सगळ्यात जास्त हसलो, म्हणालास. मीही हसले होते. फोन बंद केल्यावर कळलं, त्यांना उठताच येत नाहीये. शेजारच्या प्रफुल्लला हाक मारून दोघांनी उचललं.

ही पहिली वेळ नाही. पायातली ताकद जातेय, एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी कामावर गेले की ते एकटेच असतात.

तुला कळवते म्हटलं, तर म्हणाले, "नको गं माया. काळजीने आलेला पोरगा घड्याळ बघत बसतो. त्याला हसायला येऊ दे."

मे नको, राजू. पत्र मिळताच ये. तुला बघून ते दारातच पडायचं सोंग करतील. तू हसू नकोस. आधी त्यांना धर.

त्यांना उचलायला एकटी कमी पडणारी,
तुझी मायाताई