मेथी न टाकता घातलेलं खत

प्रिय फिलू,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल, चर्चमध्ये तुझ्या वर्षाची मिस्सा. मघाशी तुझी बहीण येऊन विचारून गेली, "भावजी, कबरीवरचा हार घरचाच ना?" मी हो म्हणून बसलो. ती गेल्यावर हे पत्र लिहायला घेतलं. घरचा हार कुठून आणू गं? मोगरा राहिलाय कुठे?

सतरा झाडं होती. वटारच्या माहेराहून छाटण्या आणून तू लावलेली. मे महिन्यात तू फुलं खुडायचीस, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवायचीस, आणि संध्याकाळी गावच्या क्रुसाला पहिला हार आपला!

तू खाटेला खिळलीस आणि बाग माझ्याकडे आली. टँकरवाल्यांनी आसपासच्या विहिरी उपसल्या, आपलीही तळाला गेली. रेडिओवर कुणी सांगत होतं, झाडाच्या बुंध्याशी पाला अंथरा, ओल टिकते. बांधावरच्या निलगिरीखाली पाल्याचा खच पडलेला, तोही फुकटचा! थोडा शेणात कालवून खड्ड्यात टाकला होता. ते अर्धकच्चं खत मोगऱ्याच्या मुळाशी भरलं आणि वरून आणखी पाला अंथरला.

तू खाटेवरून विचारलंस, "मेथी टाकून बगितली काय?"

तुझी रीतच ती. करवंटीत नवं खत भरायचं, वर चिमूटभर मेथी टाकायची. रोपं हिरवी राहिली तरच ते खत झाडाला. मला हसू आलं. "मोगऱ्याला काय भाजी खायला घालायचीय?"

"हस तू. निलगिरीखाली गवत तरी उगवतं काय? आदी मेथी टाक."

आठवड्याने पुन्हा विचारलंस. मी म्हणालो, "टाकली. छान उगवली."

मेथी उगवायला चार-सहा दिवस लागले असते, फिलू. तेवढेही मला जड झाले.

महिन्याभरात पानं पिवळी पडली, कळ्या काळ्या होऊन गळू लागल्या. पाला ओढून काढला, उरलंसुरलं पाणी ओतलं, क्रुसापुढे गुडघे टेकले. एकही झाड वाचलं नाही.

तुला सांगायची हिंमत झाली नाही. बाजारातून गजरा आणून रोज उशाशी ठेवायचो. "बघ, आपला मोगरा!" एकदा तू तो हातात घेतलास आणि बराच वेळ दोरा चाचपत राहिलीस. सुती दोरा. "यंदा दोरा बदललास वाटतं," एवढंच म्हणालीस आणि भिंतीकडे वळलीस.

रागावली का नाहीस? एक शिवी तरी हासडायचीस! फादरांपुढे पाप सांगितलं, त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले. पण जिची क्षमा हवी ती कुठे आहे?

वर्षभर त्या जागेची माती करवंटीत घेऊन मेथी टाकतोय. दोन पानं काढते आणि पिवळी पडते. नव्या छाटण्यांसाठी वटारला गेलो, तर तुझ्या माहेरची वाडीच विकली गेलेली. तिथे आता मातीचा भराव. आपला मोगरा कुठेच उरला नाही. आणि असता, तरी तो ओवणारे हात कुठे आहेत?

एवढा शब्द मात्र देतो. उद्या बाजारचं फूल आणणार नाही. सोपटाचा दोरा भिजत घातलाय, तू घालायचीस तसाच. तो रिकामाच तुझ्या कबरीवर ठेवीन. तुझी बहीण विचारेलच. तेव्हा सगळ्यांसमोर सांगेन, मेथी मी टाकली नव्हती.

तुझा,
बस्त्याव