मंगळवार, गुरुवार, शनिवारची गाडी

२७ ऑक्टोबर

चि. बारक्या,

अ. उ. आ. पुरे लिहायला वेळ नाही, पण आशीर्वाद पुरे आहेत असं समज.

तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? जॅक न तपासता गाडीखाली शिरायचं वय राहिलं का तुझं? फोनवर चांगली झाडणार होते, पण तीस वर्षं इंजिनांच्या आवाजात बसून तुझे कान कामातून गेलेत. मी ओरडायचं आणि तू हं हं करायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

आमच्या जुन्या गाडीनं महिन्यापूर्वी राम म्हटला. यांना डायलिसिस लागून आठ महिने झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, बासष्ट किलोमीटर डोंगर उतरून जायचं, चार तास मशीनवर, की पुन्हा बासष्ट चढून यायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलंय, एखादी खेप चुकली तर अंग सुजेल, लागोपाठ दोन चुकल्या तर छातीत पाणी भरेल आणि मग आम्हाला बोलावण्यात अर्थ नाही. भाड्याच्या गाडीवाल्यानं तीनदा ऐन वेळी टांग मारली. आता गाडी घ्यायची आणि मीच चालवायची.

माझा जीव विजेच्या गाडीवर आहे. मशीनवरून उतरले की यांना पेट्रोलचा नुसता वास आला तरी ढवळून येतं, इंजिनाच्या थरथरीनं डोकं धरतात. शिवाय हॉस्पिटलच्या आवारात चार्जर आहे. हे चार तास मशीनला, गाडी चार तास चार्जरला. गावातल्या औषधांच्या दुकानातली औषधवाली तिची जुनी विजेची गाडी तीन आठवडे वापरून बघायला देते आहे. आवडली तर ठेवा म्हणाली.

यांना विचारलं तर म्हणतात, बॅटरीला आठ वर्षांची हमी आहे, माझ्यापेक्षा तिचं बरं चाललंय. असले विनोद करत चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं हसवत बसायचे, आता मला हसवायला बघतात. मला मुळीच हसू येत नाही. तू काय ते नीट सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांगातला एक पाय प्लास्टरात आहे, सात अंगांवर भागवून घे.

आधी तिन्ही प्रकार समजून घे. साधी हायब्रिड म्हणजे पेट्रोलचीच गाडी, पोटात लहानशी बॅटरी. ती चालता चालता, ब्रेक मारता मारता आपली आपण भरते. तार लावायची भानगडच नाही. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी त्याहून मोठी. घरी तार लावलीस तर पहिले चाळीसेक किलोमीटर विजेवर जाईल, ती संपली की पेट्रोल आहेच. आणि तुझी लाडकी, नुसती विजेची. तिला इंजिनच नाही. वीज संपली की ती रस्त्याच्या कडेला ठेवलेलं कपाट.

ताई, मला त्या गाडीची भीती वाटते. हसू नकोस. मी उघडून बघू शकत नाही अशी वस्तू भावजींना घेऊन त्या वळणांवरून जाणार, हे डोळ्यांसमोर आलं की रात्री उठून बसतो. कार्बुरेटर असता तर रस्त्यात थांबून फुंकर मारली असती. ह्या गाडीला फुंकर मारून काय होणार?

माझं मत प्लग-इनला. उतरताना वीज, चढताना पेट्रोल, मधल्यामध्ये कुठे अडकणं नाही. माझ्या गॅरेजसमोरच्या वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात एक उभी आहे, शेजारी एक साधी हायब्रिडही आहे. पण तू हट्टी. तेव्हा औषधवालीची गाडी वापरच, मात्र एक वही कर. रोज सकाळी निघताना बॅटरी किती, संध्याकाळी परत आल्यावर किती. अंदाजानं लिहायचं नाही. मी आकड्यांशिवाय कुणाच्याही गाडीला हात लावत नाही, बहिणीच्या तर नाहीच.

भावजींना सांग, त्यांच्या हमीचं मी बघतो.

आहे तेवढा जीव लावून ठेव.

बारक्या

१७ नोव्हेंबर

चि. बारक्या,

आज आशीर्वाद शेवटी. आधी ऐक.

काल आम्ही अडकलो. सकाळी निघताना बॅटरी सत्तावन्न टक्के होती. म्हटलं, जाऊ दे, तिथे चार्जर आहे. उतरताना फारशी खर्च होत नाही. पोचलो तर चार्जरवर कागद चिकटवलेला, बंद आहे. दुसरा चार्जर शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि हे मशीनवर. यांना एकटं सोडून मी हलले नाही. ती माझी चूक, मान्य.

चढताना आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता. मी हीटर बंद केला. बाहेर धुकं, आत यांचे दात वाजताहेत. मशीनवरून उतरलं की रक्तदाब खाली असतो, माणूस आतून गार पडतो. बारा, नऊ, सहा. घर अकरा किलोमीटरवर असताना गाडीनं मान टाकली. नशीब वळणावर नाही, थोडी पुढे. फोनला रेंज नाही. डिकीत मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी शिवलेले मखमली पडदे होते, तेच यांच्याभोवती गुंडाळले. सव्वा तास, बारक्या. सव्वा तास मी यांची बोटं चोळत बसले होते आणि मनात एकच, आता हे माझ्या हातात गेले तर मी कुणाला हाक मारू? शेवटी एक पाण्याचा टँकर आला, त्यानं घरी आणून सोडलं.

हे वाटेत सारखं म्हणत होते, चूक झाली, माझी चूक झाली. मी म्हटलं, तुमची कसली चूक, गाडी मी पसंत केली. तर रडायला लागले. पस्तीस वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तू सांगितलेली वही अशी. संध्याकाळी गाडी रोज साधारण निम्म्यावर असते. हॉस्पिटल नसेल त्या दिवशी मी पडदे पोचवत डोंगरावर वर-खाली हिंडते, त्यामुळे. तार रोज सहाच्या सुमारास मीच लावते. हॉस्पिटलच्या पहिल्या दिवशी, पाच तारखेला, सकाळी शंभर होते. मग सातला एकसष्ट. नऊला अठ्ठावन्न. बाराला साठ. चौदाला त्रेसष्ट. काल सत्तावन्न. आधीच्या खेपांना हॉस्पिटलच्या चार्जरनं भागवलं म्हणून मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. तू लगेच बघ, मी सांगत होतो, म्हणाला असतास. मधल्या सगळ्या दिवशी सकाळी शंभर. रात्री वीज जात असावी, नाहीतर बॅटरी म्हातारी झाली असेल.

परवा मंगळवारी भाड्याची गाडी सांगून ठेवली आहे. आता प्लग-इन तर प्लग-इन. तू म्हणशील ती घेते. माझी सगळी हौस फिटली.

आशीर्वाद आहेत. माझ्यावर चिडू नकोस, आधीच खूप घाबरले आहे.

ताई

१९ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र मुद्दाम औषधवालीच्या दुकानावर पाठवलंय. तिथेच वाच आणि तिथेच ठेव. फोन करणार होतो, पण घरी तुझाही फोन भावजीच उचलतात.

तुझी वही मी दहादा वाचली. गाडीत काही बिघाड नाही. बॅटरी म्हातारी झाली असती तर ती रोजच म्हातारी असती, सोमवारी तरुण आणि मंगळवारी म्हातारी होणार नाही. आणि वीज जाते ती वार बघून जात नाही. पाच वेळा हॉस्पिटलच्या सकाळीच गाडी अर्धवट, मधल्या सकाळी शंभर. तार तीच, घर तेच. साठच्या आसपास म्हणजे जेवणं होईपर्यंत भरली आणि मग बंद पडली.

ताई, जेवणानंतर मागच्या दाराची कडी बघायला कोण जातं? गाडीची तार लावतेस तो बटणाचा बोर्ड त्याच दाराशी आहे ना?

माझं चुकत असेल तर येऊन माझ्या थोबाडीत मार, मी आनंदानं खाईन. सवयीनं बंद करत असते तर रोज बंद झालं असतं. बटण हॉस्पिटलच्या आदल्या रात्रीच बंद होतं. त्यांना जायचं नसेल तर? शनिवारी त्यांनी चूक झाली म्हटलं, ते कशाबद्दल होतं?

ओरडू नकोस त्यांच्यावर. पण एकटं सोडूही नकोस. प्लास्टर नसतं तर मी हे लिहीत बसलो नसतो, दारात येऊन उभा राहिलो असतो. गुरुवारी औषधवालीला तिच्या नव्या गाडीतून न्यायला सांग. कुठली गाडी घ्यायची ते मला आता कळेनासं झालंय. मला गाड्यांतलं कळतं गं, माणसांतलं नाही.

उलट टपाली कळव. तोवर टपालवाल्याची वाट बघत बसतो.

बारक्या

२२ नोव्हेंबर

चि. बारक्या,

अ. उ. आ. तुझी थोबाडीत वाचली.

दुकानात उभ्यानं वाचलं आणि खुर्ची मागून घेतली. औषधवालीनं पाणी दिलं. आधी तुझाच राग आला. किती घाण विचार, म्हटलं. मग घरी आले आणि त्या संध्याकाळी यांचं जेवण होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवण झाल्यावर हे कडी बघायला उठले. मी पाठोपाठ गेले. बोर्डापाशी हात नेऊन हे नुसते उभे होते. त्यांनी मागे वळून बघितलं आणि तिथेच चपलांच्या बाकावर बसले. मीही बसले.

सगळं सांगितलं त्यांनी, न विचारता. आदल्या संध्याकाळी छातीत भीती दाटून येते म्हणाले. सुयांची, त्या थंडीची. शेजारच्या खुर्चीवरचे मास्तर आता येत नाहीत, त्यांचं काय झालं ते कुणी बोलत नाही. रोज साडेसातशे मिलिलिटर पाणी मोजून प्यायचं, बटाटा दोनदा उकळून त्याचं पाणी फेकायचं, आणि हे सगळं कशासाठी तर परवा पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसायला. बटण खाली केलं की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं. जाणार नाही असं स्वतःच्या तोंडानं म्हणायची हिंमत नाही, म्हणून गाडीला म्हणायला लावतात. आणि सकाळी उठलं की जगावंसं वाटतं, तेव्हा आपणच घाईघाईनं बूट घालून तयार. खरंच, बारक्या, गेले आठ महिने माझ्या आधी हेच तयार असतात. मला वाटायचं, किती धीराचे.

मला रागवायचं होतं. त्या वळणांवर मी पण होते ना गाडीत! तसं म्हटलंही. तर म्हणाले, तेच आठवून शनिवारपासून झोप नाही. डॉक्टरीणबाईंना सांगायचं ठरवलंय, असं बऱ्याच जणांना होतं म्हणे, बोलायला तिथे एक बाई असतात. काल औषधवालीनं नेलं. मी मागच्या सीटवर यांच्याजवळ बसले.

आता हे तुला स्वतः लिहिणार आहेत. मला वाचून दाखवणार नाहीत, मी विचारणारही नाही.

तू वही करायला लावलीस म्हणून. एवढंच म्हणते.

तुझी ताई

२४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

न. वि. वि. काही काळ तुझा मेहुणा चोरासारखा वागला, तरी नमस्कार तेवढा स्वीकार.

तुझं पत्र तिनं मला दाखवलं. चाळीस वर्षं मी लोकांचे नंबर काढले, माझा तू दोन पानांत काढलास. राग नाही. कुणीतरी बघितलं याचं बरंच वाटलं.

गाडीबद्दल लिहायला बसलोय. विजेची नको. मला आवडते ती, आवाज नाही, वास नाही, पण तिचं बटण माझ्या हाताला लागतं. मी बरा होईन, बाईंशी बोलेन, सगळं करेन. तरीपण आदल्या संध्याकाळच्या माझ्यावर मी अजून विसंबून राहू शकत नाही, आणि कुणी राहूही नये.

प्लग-इनही नको. तू म्हणशील, तार काढली तरी पेट्रोलवर जाईलच की. जाईल. पण सकाळी ती गाडीत बसेल, बॅटरीचा आकडा बघेल, मी रात्री काय केलं ते तिला कळेल, आणि ती एक अक्षर बोलणार नाही. बासष्ट किलोमीटर. तुझी बहीण बोलत नाही तेव्हा काय होतं ते तुला ठाऊक आहे. सुया सोसतो, ते नाही सोसणार.

तेव्हा साधी हायब्रिड बघ. तुझ्या समोरच्या दुकानात आहे तीच. तिला तार नाही, घरातलं कुठलंच बटण तिला थांबवू शकत नाही. किल्ली तुझ्या ताईच्या उशाखाली असते, तिथवर माझी मजल जाणार नाही. पेट्रोलचा वास येईल, उलटी होईल, पिशवी घेऊन बसेन.

येत्या आठवड्याच्या तीन खेपा औषधवाली करणार आहे. त्याच्या पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत गाडी दारात यायला हवी, चालवत कुणालाही पाठव. मंगळवारची आदली संध्याकाळ व्हायच्या आत, बारक्या. एवढं माझ्यासाठी कर.

होता तसाच लोभ ठेव. भीत भीत मागतो आहे.

तुझे भावजी