जुन्या हिचच्या भरवशावर नाही

उदय,

तू आज तशीच कॅराव्हॅन जोडून निघू नयेस म्हणून गाडी मी नेलीय, मायरा माझ्याबरोबर आहे. काल मोटरवेवर शेजारून लॉरी गेली आणि मागे जोडलेली कॅराव्हॅन डोलायला लागली, तेव्हा पोरीची दातखीळ बसली होती. तू म्हणालास, "थोडं हलतंच गं." हलत नव्हती रे, आपल्याला लेनबाहेर ओढत होती!

दुकानदार म्हणाला, नुसती बाजूला लावायची आधाराची पट्टी नको, कॅराव्हॅन जोडायचा हिचच नवा घ्या, गाडीमागचा गोळा, म्हणजे टोबॉल, घट्ट आवळून डोलणं रोखणारा. तोच घेतेय. उद्या मेकॅनिक घरी येऊन बसवेल.

आई हॉस्पिटलमध्ये तुझी वाट बघतायत, कळतं मला. तू आत्ताच ट्रेनने एडिनबराला नीघ, पाया पडते. आम्ही मागून येतो. आयुष्यभर बोलला नाहीस तरी चालेल, पण पोहोच.

मंजिरी