नागअळीच्या मेलचं शेपूट

४ नोव्हेंबर, मंगळवार

बद्रीनाथांनी आज पुन्हा दोनशे चौदा लोकांना गुलाबाचं चित्र पाठवलं. विषयाची ओळ कोरी. खाली ‘शुभ सकाळ’. वन खात्यात आयुष्य घालवलेला माणूस, त्याला गुलाब दाखवायला आंतरजालावरून उचलावा लागतो.

अठरा वर्षं झाली मी ‘गच्चीबाग’ हा ई-मेलचा गट चालवते. कुंड्या, बी, कीड, खत — एवढेच विषय. नियम सातच. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना पाठवते आणि दोन तारखेपासून सगळे मोडतात. विषयाची ओळ लिहा. बागेबाहेरचं बोलू नका. उत्तर देताना आधीच्या मेलचं शेपूट कापा. खाली नाव आणि पूर्ण पत्ता घाला, बी पोस्टानं पाठवावं लागतं. दुसऱ्याची चूक दिसली तर गटावर दाखवू नका, ते काम माझं. यात अवघड काय आहे? आमच्या कॉन्व्हेंटात पत्रावर तारीख नसली तर सिस्टर ते न वाचता परत करायच्या. आठ वर्षांच्या मुलींना जमायचं.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर या ना मिस,’ म्हणतात. त्या बाजारात मी जाणार नाही.

एकटे अप्पाराव शिस्तीत लिहितात. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, इथंच पुंडलिकनगरात राहतात, शेती गावी पिशोरला. चार ओळी, मुद्द्याच्या. गटात असे दहा लोक असते तर मला रक्तदाबाची गोळी लागली नसती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अपेक्षाची मेल आली. अप्पारावांची मुलगी. मी हिला दहावीपासून इंग्रजी शिकवलं, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून. महिन्यापूर्वी तिनं बुद्धभूषणशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा सरळ आहे, शिकलेला आहे. जात वेगळी. अप्पाराव लोकांना सांगतात, मुलगी पुण्याला अभ्यासाला गेली.

तिला नाशिकच्या एका शाळेत नोकरी मिळतेय. माझं शिफारसपत्र हवंय, कागदावर, सहीचं. पुढं लिहिलंय : ‘मिस, आम्ही कुठं आहोत ते कुणालाच सांगू नका. पुंजारामकाकानं निरोप पाठवलाय, सापडलीस तर घरी नेणार नाही. पप्पा बाजूलाच बसले होते म्हणे. काही बोलले नाहीत. फोन बंद केलाय, मेल कधीमधी बघते.’

मेल पुन्हा एकदा वाचली.

पण मेल लिहिली कशी? गटावरून तिला आलेली माझीच सप्टेंबरातली ‘लिंबावरची नागअळी’ उघडली, रिप्लाय दाबलं, वर पाच ओळी लिहिल्या. खाली नागअळीवरची गटाची अख्खी चर्चा लोंबतेय. कडुनिंबाचा अर्क, बद्रीनाथांचा तंबाखूचा काढा, सगळं. जीव मुठीत धरून लिहिणाऱ्या मुलीला काय बोलायचं! पण मी शिकवलेली मुलगी आहे.

पत्र लिहून ठेवलं. पाठवायला पत्ता तिनं दिलेलाच नाही, असं कळवलं. उत्तर नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मनासारखं काम केलं. गटाला मोठी मेल पाठवली, विषय : ‘कसं लिहू नये’. नियम पुन्हा सांगितले आणि खाली नमुना जोडला. अपेक्षाचीच मेल. तिचं नाव काढलं, पाच ओळी काढल्या, आणि उरलेलं शेपूट जसंच्या तसं डकवलं. लिहिलं, ‘हे पाहा. एका निरोपामागे साडेचार पानं. ही कुणी वाचायची?’

जरा टोचून लिहिलं. टोचल्याशिवाय इथं कुणी हलत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

एकही उत्तर नाही. बद्रीनाथांचा गुलाबसुद्धा नाही. बाण लागला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अप्पाराव आले. आधी फोन नाही, काही नाही. त्यांचं असं कधी नसतं. हातात लिंबाचं कलम.

‘तुमची परवाची मेल वाचली मिस. सगळी.’

म्हटलं, ‘एकानं तरी वाचली.’

‘लोकं वरवर बघतात आन सोडून देतात. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. नोकरीतली सवय. टेंडर खालून वाचावं लागतं.’

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

अपेक्षाचं विचारलं. न विचारणं जास्त दिसलं असतं. ‘पुण्यालाच हाय. अभ्यास लई असतोय.’ पापणी हलली नाही. मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. जिना उतरता का, गाडीत बसता का, कुणी नेलं-आणलं तर चालतं का. एवढी आस्था त्यांनी अठरा वर्षांत दाखवली नव्हती. चहा अर्धा ठेवून गेले.

ते गेल्यावर हॉलमधली खुर्ची मी जागेवर लावली. उगाच दोनदा लावली.

१२ नोव्हेंबर, बुधवार



संध्याकाळी शेजारच्या वच्छलाबाई आल्या. गटात आहेत, एक अक्षर लिहीत नाहीत. दारातच उभ्या.

‘मिस, ते तुमच्या मेलचं शेवटचं पान तसंच ठिवलंय का मुद्दाम?’

‘कोणतं शेवटचं पान?’

‘आता ग बाई. म्हंजी तुम्हाला ठावंच नाय.’

संगणक लावला. माझीच मेल उघडली. खाली, खाली, खाली. कडुनिंबाचा अर्क गेला, तंबाखूचा काढा गेला, साडेचार पानांच्या अगदी तळाशी —

‘अपेक्षा, द्वारा दगडाबाई यांची खोली, पिठाच्या गिरणीमागं, वेरूळ.’

नाव आणि पूर्ण पत्ता, मेलच्या शेवटी. माझा नियम. पोरीनं पाळला होता. मी वरची सही खोडली आणि तिला नाव काढणं समजले. तळापर्यंत मी गेलेच नाही. शेपूट कोण वाचतं?

‘तुम्ही कधी वाचलंत?’

‘रविवारीच. आमच्या सुनेनं दावलं. गटातल्या चतुराबाईनं बी वाचलं, तिचा फोन आला व्हता. बद्रीनाथभाऊ सोमवारी भाजीबाजारात भेटले, म्हणले मिसला कळवावं का. मग म्हणले नको, चूक दावू नका असा नेम हाय, मिस चारचौघांत झाडतात.’

‘अहो, घरी यायचं! माझं दार दहा पावलांवर आहे!’

‘आलेच की आज.’

तीन दिवसांनी आल्या. मी त्यांच्यावर ओरडले. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, ‘याच्यामुळंच येत नव्हते.’

गटाच्या पानावरून मेल काढून टाकली. दोनशे चौदा लोकांच्या पेटीत ती गेलेली आहे, तिथून ती निघत नाही. अपेक्षाला मेल केली : आत्ताच्या आत्ता तिथून निघ. चारदा केली. फोन नंबर नाही. अप्पाराव काल इथं माझ्या खुर्चीत बसले होते.

पहाटेची बस धरते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वेरूळ. उशीर झाला.

गिरणीमागं दोन खोल्या. एकीत दगडाबाई, दुसरीला कडी. मला बघून दगडाबाई चक्रावल्या. ‘तुम्ही मिस? मग काल गाडीत कोण व्हतं?’

काल दुपारी पांढरी गाडी आली. दोन गडी आणि पदर घेतलेली एक बाई. बाईच खोलीपर्यंत आली. म्हणाली, तुझ्या मिस आल्यात पत्र घेऊन, गाडीत बसल्यात, गुडघ्यानं चालवत नाही त्यांना, जरा खाली ये.

‘व्हय बाई, पोरगी अनवाणी पळाली. भाकर टाकत व्हती, तवा तसाच चुलीवर. मला म्हणली, मावशी, मिस आल्या, चहा ठेवा. मी चहा ठेवला की. दूध उतू गेलं, पोरगी काय आली नाय.’

माझं नाव. माझे गुडघे. पत्राचं त्यांना कुणी सांगितलं असेल, आधी कळेना. मग कळलं. मीच. मेलच्या सुरुवातीला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘एका विद्यार्थिनीला माझ्याकडून पत्र हवं होतं, ते तिनं असं मागितलं.’

खोलीत शिरले. तिची चप्पल दारात होती.

बुद्धभूषण लेण्यांजवळच्या एका हॉटेलात हिशेब बघतो. तो काल संध्याकाळी परतला तर खोली उघडी. आज सकाळपासून ओट्यावर बसून होता. मी सगळं सांगितलं. कसं, कुठं, कोणत्या मेलमध्ये. वाटलं, हा आता मला बोलेल. बोलायला हवा होता.

तो म्हणाला, ‘मिस, ती म्हणायची, पत्ता द्यायला हरकत नाही, मिसकडं काही हरवत नाही.’

मग उठला आणि शर्ट बदलून आला. आम्ही पोलिसांकडे गेलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल ठाण्यात चार तास गेले.

‘मुलगी सज्ञान हाय ना मॅडम? मग गेली असंल वडलाकडं आपल्या मर्जीनं.’

म्हटलं, ‘चप्पल न घालता?’

साहेबांनी अप्पारावांना फोन लावला. आमच्यासमोर. अप्पाराव म्हणाले, मुलगी माझ्याकडं नाही, तिच्या नवऱ्यालाच विचारा, आम्हालाच काळजी लागलीय. आवाज इतका नीट होता की साहेब त्यांना ‘सर’ म्हणू लागले. मग बुद्धभूषणलाच विचारलं, बुधवारी दुपारी तू कुठं होतास.

मी टेबलावर हात आपटला. वय विचारलं मला. एकाहत्तर म्हटलं, आणि लेखी तक्रार नोंदवल्याशिवाय ही एकाहत्तर वर्षांची बाई उठणार नाही. शेवटी नोंदवली. पिशोरला उद्या-परवा माणूस पाठवतो म्हणाले.

ठाण्याबाहेर बुद्धभूषणला विचारलं, जेवलास का. ‘तिनं थापलेल्या दोन भाकरी होत्या,’ म्हणाला, ‘त्या ठेवल्यात.’ 

१५ नोव्हेंबर, शनिवार

गटावर अप्पारावांची मेल. विषय : ‘हिवाळ्यात लिंबाला पाणी किती?’ चार ओळी. खाली नाव, पूर्ण पत्ता. चतुराबाईंनी आभार मानले.

त्या चतुराबाई. रविवारी पत्ता वाचलेल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दोनशे चौदा जणांना लिहिलं. विषयाची ओळ भरली नाही. सुचलीच नाही.

‘अपेक्षा पुण्याला नाही. तिनं बुद्धभूषणशी लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनी आणि काकानं बुधवारी दुपारी वेरूळहून तिला नेलं. पत्ता त्यांना माझ्या मेलमधून मिळाला. चूक माझी. वडील या गटात आहेत, ते हे वाचतायत. अप्पाराव, मुलगी कुठं आहे? तुमच्यापैकी ज्यांनी तो पत्ता रविवारी वाचला आणि मला घाबरून गप्प राहिलात, त्यांनी आता गप्प राहू नका. पिशोरकडची माणसं गटात आहेत. काही दिसलं, ऐकलं असेल तर सांगा. कसंही लिहा.’

तासाभरात नऊ जण गट सोडून गेले. अप्पाराव गेले नाहीत.

बद्रीनाथांचं उत्तर आलं. ‘मिस, क्षमा असावी, पण हा विषय बागेचा नाही. कुणाच्या घरातलं गटावर आणू नये असं वाटतं.’ शेपूट कापलेलं होतं.

दुपारी अप्पारावांचा फोन. मी ‘हॅलो’ म्हटलं. ते म्हणाले, ‘मिस, शिकवायचं तुमचं वय संपलं आता.’ आणि ठेवला. आवाज तसाच, नीट.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पोलिसांचा माणूस पिशोरला जाऊन आला. घर बघितलं, चहा घेतला, मुलगी नाही. ‘शेत बघितलं का?’ विचारलं. ‘मॅडम, शेत लई मोठं हाय.’

दर दहा मिनिटांनी मेल बघते. वच्छलाबाई दोन वेळचं जेवण आणून ठेवतायत. मग बसून राहतात. मीही त्यांना जा म्हणत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सात चाळीसला एक मेल. अनोळखी पत्ता. विषय नाही, नाव नाही.

‘मळ्यात कांदे ठिवायची जुनी चाळ हाय, हिरीच्या अंगाला. बाहेरून कुलूप. बुधवारपसून एक ताट आत जात व्हतं. परवापसून जाईना.’

साहेबांना फोनवर वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली त्यांनी. जीप निघाली आहे. बुद्धभूषण वेरूळहून आलाय, खाली उभा आहे, त्याला अजून फक्त चाळीचं सांगितलंय, ताटाचं नाही.